बोट लागलेला डार्विन

डार्विन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बायोलॉजीच्या पुस्तकातला फोटो येत असेल. लांब पांढरी दाढी, टक्कल, गंभीर नजर. तो फोटो जरा बाजूला ठेवा आणि त्या जागी 22 वर्षांचा एक मुलगा आणा. सहा फूट उंच, नुकताच ग्रॅज्युएट झालेला, करिअरचं काहीच नक्की नसलेला. तो जहाजातल्या कापडी झोळीत डोळे मिटून पडलाय. पोटात काही ठरत नाही, डोकं उचललं की सगळं गरगरतं. आपल्याकडे कोकणात ज्याला ‘बोट लागणं’ म्हणतात, ते त्याला झालंय आणि प्रवासाचा हा जेमतेम तिसरा-चौथा दिवस आहे. हा प्रवास पुढे जवळपास पाच वर्षं चालणार आहे.

उत्क्रांतीचा सिद्धांत तुम्ही शाळेत शिकलात. त्या सिद्धांतामागच्या प्रवासात डार्विनचं पोट काय म्हणत होतं, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. म्हणून आज ती गोष्ट.

डिग्री झाली, पुढे काय?

चार्ल्स डार्विनचा जन्म 12 फेब्रुवारी 1809 चा, इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावातला. वडील नावाजलेले डॉक्टर, त्यामुळे मुलाला एडिंबरोला मेडिकलला घातलं. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया बघताना डार्विन मधूनच उठून बाहेर पळाला आणि पुढे मेडिकलही सुटलं. मग वडिलांनी दुसरा प्लॅन केला, केंब्रिजला जाऊन पाद्री होण्याचा. तिथे याचं लक्ष अभ्यासापेक्षा भुंगेरे गोळा करण्यात जास्त! तरी 1831 मध्ये तो चांगल्या नंबराने पास झाला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी प्राध्यापक हेन्स्लो यांचं पत्र आलं. ‘बीगल’ नावाचं नौदलाचं जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे करायला निघणार होतं. कॅप्टन फिट्झरॉय अवघा 26 वर्षांचा होता आणि त्याला सोबतीला निसर्गाचा अभ्यास असलेला माणूस हवा होता. पगार नाही, उलट खर्च आपलाच. वडिलांनी साफ नकार दिला. पण एक फटही ठेवली, की कुणी शहाणा माणूस जा म्हणाला तर परवानगी देईन. डार्विनने वडिलांच्या आठ हरकतींची यादी केली आणि थेट मामाला गाठलं. मामाने एकेका हरकतीला पत्रातून उत्तर दिलं आणि वडील तयार झाले. घरी परवानगी काढायची ही पद्धत तुम्हालाही ओळखीची वाटेल!

पहिल्याच आठवड्यात शिक्षा

‘बीगल’ फक्त 90 फूट लांब होतं आणि त्यावर सत्तरहून जास्त माणसं. या जातीची जहाजं खूप डोलतात म्हणून बदनाम होती. डार्विनला जागा मिळाली मागच्या टोकाच्या केबिनमध्ये. नकाशांचं मोठं टेबल तिथंच आणि रात्री त्याच टेबलाच्या वर झोळी टांगून झोपायचं. उंची इतकी, की पाय मावावेत म्हणून भिंतीतला एक ड्रॉवर काढून ठेवावा लागायचा.

डिसेंबरमध्ये जहाज दोनदा प्लीमथहून निघालं आणि दोन्ही वेळा वादळी वाऱ्याने परत फिरलं. त्या ताणात डार्विनची छाती धडधडू लागली. आपल्याला हृदयविकार आहे अशी त्याची खात्रीच पटली. पण तो डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टरने जाऊ नको म्हटलं असतं तर? अखेर 27 डिसेंबर 1831 ला जहाज निघालं, बिस्केच्या उपसागरात शिरलं आणि डार्विन आडवा झाला.

कडक बिस्किट आणि बेदाणे एवढंच पोटात राहायचं. नंतर त्याचाही कंटाळा आला, तेव्हा मसाला आणि वाइन घातलेली गरमागरम सॅगोची पेज. सॅगो म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच भाऊबंद. पण खरा उपाय एकच, आडवं पडणं. हे सगळं त्याने नंतर वडिलांना पत्रातून सविस्तर कळवलं.

4 जानेवारीला मदेइरा बेट बारा मैलांवर आलं, तेव्हा ते बघायला उठण्याचंही त्राण त्याच्यात नव्हतं. दोन दिवसांनी टेनेरिफ आलं. हम्बोल्टची प्रवासवर्णनं वाचून केंब्रिजपासून त्याने या बेटाची स्वप्नं पाहिली होती. पण इंग्लंडमध्ये कॉलरा होता, म्हणून बारा दिवसांचं क्वारंटाइन सांगितलं गेलं. कॅप्टन थांबला नाही. ज्या बेटासाठी इतकं सोसलं, ते समोर दिसत असताना जहाज पुढे गेलं.

आता विचार करा. कॅप्टनशी ठरल्याप्रमाणे डार्विन कधीही जहाज सोडू शकत होता. तुम्ही त्याच्या जागी असता तर?

असं होतं का?

आपला तोल सांभाळणारा भाग कानाच्या आत असतो. जहाज डोलतं तेव्हा कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. केबिनच्या चार भिंती बघणारे डोळे सांगतात, सगळं जागेवर आहे. या उलटसुलट निरोपांनी मळमळ सुरू होते. घाटात मोबाइल बघत बसलात की गाडी लागते, ती याच कारणाने. त्यात जहाजाची टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्यभाग सर्वांत कमी. डार्विनची केबिन नेमकी टोकाला होती आणि काम मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून बसण्याचं. म्हणजे बोट लागायला सगळी तयारी पूर्ण!

बरं न होता काम

तरी तो थांबला. 10 जानेवारीला, जरा बरं वाटताच, त्याने कापडाची एक पिशवी शिवून जहाजामागे सोडली आणि समुद्रातले बारीक जीव गोळा केले. 16 जानेवारीला केप व्हर्डमधल्या सँटियागो बेटावर त्याचे पाय जमिनीला लागले. तिथल्या कड्यात, समुद्रापासून बऱ्याच उंचीवर, शंखशिंपल्यांचा पांढरा थर दिसला. म्हणजे कधीकाळी हा समुद्राचा तळ होता! आपण भूगर्भशास्त्रावर पुस्तक लिहू शकतो, हे त्याला पहिल्यांदा तिथे जाणवलं.

इथून पुढे त्याचं एक रूटीन बसलं. समुद्र शांत असला की काम. पोट ढवळलं की सरळ त्या मोठ्या टेबलावरच आडवं व्हायचं, जरा बरं वाटलं की उठून पुन्हा मायक्रोस्कोप. त्याच टेबलावर नकाशे काढणाऱ्या स्टोक्स नावाच्या सहकाऱ्याने पुढे ही आठवण सांगितली. दुसरी युक्ती म्हणजे संधी मिळेल तिथे जहाज सोडून जमिनीवर जायचं. अर्जेंटिनात घोड्यावरून शेकडो मैल, मग अँडीज पर्वत ओलांडून प्रवास. जवळपास पाच वर्षांपैकी समुद्रावर त्याचे साधारण 18 महिनेच गेले, बाकी सगळा काळ जमिनीवर.

सवयीने हळूहळू बरं होतं, असं आपण ऐकतो आणि बऱ्याच जणांचं होतंही. डार्विनचं झालं नाही. 1833 च्या जानेवारीत केप हॉर्नपाशी एका लाटेने जहाज जवळजवळ उलटवलं. 1836 मध्ये घरी लिहिताना त्याने कबूल केलं, की तीन वर्षांपूर्वीपेक्षा आता त्रास जास्तच होतो. त्याच वर्षी सगळे घराकडे डोळे लावून बसलेले असताना, कॅप्टनने मोजमापं तपासायला जहाज पुन्हा ब्राझीलकडे वळवलं. डार्विन इतका वैतागला की समुद्राचा आणि त्यावरच्या एकूण एक जहाजाचा आपल्याला तिटकारा आलाय, असं त्याने बहिणीला कळवलं.

2 ऑक्टोबर 1836 ला तो फालमथला उतरला. सोबत 770 पानांची डायरी आणि बाटल्यांत, खोक्यांत भरलेले हजारो नमुने होते. नंतर तो ब्रिटनबाहेर कधीच गेला नाही. 24 नोव्हेंबर 1859 ला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं आणि 19 एप्रिल 1882 ला तो गेला. मधली चाळीस वर्षं उलट्या, थकवा, धडधड यांनी त्याला छळलं. लोक म्हणायचे, ही त्या बोटीची देणगी. त्याला स्वतःला तसं वाटत नव्हतं. नेमका आजार कोणता, यावर डॉक्टरांचं अजूनही एकमत नाही.

तुम्ही निघताय?

क्रूझचा प्लॅन असेल तर केबिन मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. डेकवर मोकळ्या हवेत जा, क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात ठेवा. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलेपाक जवळ असू द्या, आल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी, कारण उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. उतरल्यावर जमीन डोलल्यासारखी वाटली तर घाबरू नका, बहुतेकांचं ते दोन-एक दिवसांत थांबतं. लांबलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणि कुणाला बोट लागली तर हसू नका. 1839 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनाच्या शेवटी डार्विनने तरुणांना बजावलंय, की हा त्रास किरकोळ नाही, आठवड्यात जाणाराही नाही, म्हणून निघण्याआधी त्याचा नीट हिशोब करा. पण त्याच पानांवर, निसर्ग शिकू पाहणाऱ्या तरुणाने दूरच्या देशांत जरूर जावं, असंही त्याने लिहिलंय. जमलं तर जमिनीवरून, नाहीतर समुद्रावरून.