गरम गाडी किकला दाद देत नाही? मायबाखचं आख्खं आयुष्य याच उष्णतेशी झुंजण्यात गेलं

मे महिन्याची दुपार. काशिमीरा नाक्यापासून दहिसर चेकनाक्यापर्यंत गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतायत. तुमच्याकडे वडिलांच्या काळातली कार्बोरेटरवाली मोटरसायकल आहे. सिग्नलला ती बंद पडते आणि मग कितीही किका मारा, ढिम्म. अर्ध्या तासानं थंड झाली की एका किकमध्ये सुरू!

दोष पेट्रोल पंपाचा नसतो, बहुतेक वेळा प्लगचाही नसतो. कार्ब तापलेला असतो. हे कोडं कळायला ज्यानं आजच्या कार्बोरेटरचा पाया घातला त्या माणसाची गोष्ट ऐकायला हवी. विल्हेल्म मायबाख. हो, करोडोंच्या मायबाख गाडीवर ज्याचं नाव आहे तोच.

जन्म ९ फेब्रुवारी १८४६, जर्मनीतल्या हाइलब्रोन गावात. वडील सुतार. दहा वर्षांचा होईतो आई-वडील दोघंही गेले. पोरका विल्हेल्म रॉयटलिंगेनच्या एका अनाथाश्रमात वाढला. आश्रमाचं स्वतःचं यंत्रशाळेचं काम होतं, तिथे तो ड्रॉइंग शिकला. तिथेच त्याला गॉटलीब डाइम्लर भेटला. डाइम्लर त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. पुढे डाइम्लर जिथे जाईल तिथे मायबाख त्याच्यासोबत गेला. आधी कार्ल्सरूह, मग ऑटोच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेला डॉइट्झचा कारखाना.

१८८२ मध्ये दोघं तिथून बाहेर पडले आणि कान्स्टाटमध्ये डाइम्लरच्या बंगल्यामागच्या बागेतल्या शेडमध्ये काम सुरू केलं. असं सांगतात की रात्रंदिवस चाललेली ठोकाठोक ऐकून खोट्या नाण्यांचा संशय आला आणि पोलीस धाड घालायला आले. सापडली फक्त अवजारं आणि इंजिनं.

१८८५ मध्ये याच शेडमधून पेट्रोलवर चालणारी दुचाकी बाहेर पडली. लाकडी सांगाडा, २६४ सीसी, अर्धा हॉर्सपॉवर, वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास. डाइम्लरच्या मुलानं ती चालवली. प्रज्वलनाची तापलेली नळी बरोब्बर सीटखाली होती, त्यामुळे सीटनं पेट घेतला म्हणतात. म्हणजे मोटरसायकल आणि उष्णता यांचं भांडण पहिल्याच फेरीपासूनचं!

त्या इंजिनाचा कार्बोरेटर वेगळा होता. भांड्यात पेट्रोल, त्यावरून हवा जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. जर्मनीच्या थंडीत वाफ पुरेशी होत नसे, म्हणून अशा कार्बोरेटरना अनेकदा एक्झॉस्टची ऊब द्यावी लागे. दुसरी अडचण म्हणजे हलका भाग आधी उडून जायचा आणि मागे जड गाळ उरायचा.

१८९० मध्ये डाइम्लर कंपनी उभी राहिली, पण गुंतवणूकदारांनी मायबाखला धड करारही दिला नाही. तो बाहेर पडला. डाइम्लरच्या पाठिंब्यावर कान्स्टाटमधल्या हॉटेल हेर्मानच्या नाचाच्या हॉलमध्ये त्यानं कामाची मांडामांड केली. तिथेच १८९३ मध्ये स्प्रे कार्बोरेटर तयार झाला. फ्लोट पेट्रोलची पातळी ठरवतो, वेगानं जाणारी हवा जेटमधून पेट्रोल ओढते आणि त्याचे बारीक तुषार होतात. वाफेसाठी वाट बघायची गरजच संपली. हंगेरीतल्या बांकी आणि चोंका यांनीही त्याच वर्षी अशाच कार्बोरेटरचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या मायबाखला देणं योग्य नाही.

तुमच्या जुन्या गाडीत आजही हीच मांडणी आहे. गाडी चालू असताना आत येणारी हवा आणि उडणारं पेट्रोल कार्बला थंड ठेवतं. गाडी बंद केली की वारा थांबतो, तापलेल्या हेडची धग कार्बपर्यंत चढते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल चक्क उकळू लागतं. बुडबुडे पेट्रोलला जेटमधून ढकलतात, इंजिन ओव्हरफ्लो होतं. अशा वेळी चोक ओढणं म्हणजे आगीत तेल. चोक बंद ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि मग किक मारा.

पण वेळ येऊच नये यासाठी? कार्ब आणि हेड यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांत बेकेलाइटचा जाड काळा तुकडा असतो. तो धग अडवतो. सर्व्हिसिंगनंतर तो जागेवर आहे ना, की नुसतं कागदी पॅकिंग लावून गाडी परत आलीय, हे स्वतः बघा. जोडाचं रबर चिरलं असेल तर बदला, कारण तिथून हवा शिरली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. पेट्रोलची नळी सिलिंडरला टेकू देऊ नका. पावसाळ्यात फिन्समध्ये बसलेला चिखल काढा. आणि लांब सिग्नलला इंजिन बंद करायचं असेल तर पेट्रोल कॉकही बंद करा. तापलेल्या इंजिनावर पाणी मात्र कधीच ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

१८९५ मध्ये कंपनीनं मायबाखला मुख्य इंजिनीअर म्हणून परत बोलावलं. आता त्यानं इंजिनाच्या उष्णतेलाच हात घातला. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या पहिल्या मर्सिडीजला त्यानं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. आठ हजारांहून जास्त बारीक नळ्या! थंड करायला लागणारं पाणी जवळपास निम्म्यावर आलं. एमिल येलिनेक या व्यापाऱ्यानं ती गाडी मागवली होती आणि तिला त्याच्या मुलीचं नाव मिळालं. इंजिन ज्यानं घडवलं त्याचं नाव गाडीवर कुठेच नव्हतं.

ही गाडी पुरी होण्याआधीच, मार्च १९०० मध्ये डाइम्लर वारला. त्यानंतर कंपनीत मायबाखची बाजू घेणारं फारसं कुणी उरलं नाही. १९०७ मध्ये त्यानं कंपनी सोडली. साठी उलटलेली असताना त्यानं काउंट झेपेलिनशी हातमिळवणी केली आणि मुलगा कार्लसोबत अवाढव्य हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवण्याचा कारखाना उभा केला. मायबाख नावाच्या मोटारी नंतर कार्लनं काढल्या.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं, त्यामुळे ते सहजासहजी उकळत नाही. म्हणूनच नवी गाडी त्याच ट्रॅफिकमध्ये निवांत उभी राहते.

मायबाख २९ डिसेंबर १९२९ रोजी श्टुटगार्टमध्ये वारला. कान्स्टाटच्या त्याच दफनभूमीत डाइम्लरचीही कबर आहे.