आपल्या नगरचा 'कृष्ण' : शाहू मोडक



पडद्यावरचा कृष्ण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? आपल्या पिढीला दूरदर्शनवरचे नितीश भारद्वाज आठवतात. पण हाच प्रश्न घरातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजी-आजोबांना विचारून पाहा. जत्रेतला तंबूतला सिनेमा, जमिनीवर अंथरलेलं पोतं, मध्येच रीळ तुटल्यावर होणारा आरडाओरडा, असं सगळं त्यांना आठवेल, आणि त्यासोबत एक नावही येईल. ते नाव म्हणजे शाहू मोडक. हे शाहू मोडक आपल्या नगरचे, बरं का!

त्यांचा जन्म २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर इथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासून सुरू होतं. त्यामुळे इथे ख्रिस्ती समाज वाढला, पण तो मराठीपासून तुटला नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. अशा या गावात शाहूचा जन्म झाला.

१९३२ साली मराठी बोलपट नुकताच बोलू लागला होता. त्याच वर्षी दादासाहेब तोरणे यांच्या सरस्वती सिनेटोनने 'श्यामसुंदर' काढला. दिग्दर्शक होते भालजी पेंढारकर. कृष्ण झाला अवघ्या चौदा वर्षांचा शाहू आणि राधा झाली शांता आपटे. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. कॅमेऱ्यापुढे उभं राहून अभिनय करता करताच गायचं! चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. आजच्या आठवी-नववीतल्या मुलाला हे जमेल का, विचार करा. 'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला. पुढच्याच वर्षी 'आऊट घटकेचा राजा' या चित्रपटात शाहूने दुहेरी भूमिका केली.

आता खरी अडचण पाहा. एकदा देव झालेल्या नटाला लोक माणूस व्हायला देतील का? १९३९ मध्ये व्ही. शांतारामांनी प्रभातच्या 'माणूस'मध्ये त्यांना साधा पोलीस शिपाई केलं. गणपत त्याचं नाव. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते, तिथे त्याला मैना भेटते. तिला त्या जिण्यातून बाहेर काढून तिच्याशी लग्न करावं असं त्याला वाटतं, पण जग आडवं येतं. मैनेची भूमिका शांता हुबळीकरांनी केली. शेवटी गणपत कोलमडतो, पण दारूत बुडून जात नाही, पुन्हा कामावर उभा राहतो. प्रेमभंग म्हणजे आयुष्य संपलं असं नाही, हे सांगणारा हा चित्रपट आजच्या मुलांनाही मोठं झाल्यावर जरूर दाखवावा.

लगेच पुढच्या वर्षी, १९४० मध्ये, 'संत ज्ञानेश्वर' आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक. इथे क्षणभर थांबा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली कुठे? शके १२१२ मध्ये, नेवाशाला, आपल्याच जिल्ह्यात. ज्या खांबाला टेकून माउलींनी ती सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब आपण सहलीत मुलांना दाखवतोच. संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना समाजाने बाहेर ठेवलं, त्यांच्यातल्या ज्ञानदेवाची भूमिका नगरच्या एका ख्रिस्ती तरुणाने केली. हा आपला नाही, असं म्हणून प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही, चित्रपट डोक्यावर घेतला.

१९४२ मध्ये विजय भट्टांच्या 'भरत मिलाप'मध्ये, म्हणजे मराठी 'भरतभेट'मध्ये, ते भरत झाले. पुढे अनेक हिंदी-मराठी पौराणिक चित्रपटांत ते कृष्णच होत राहिले. लोकांनी त्यांच्यावर प्रेम केलं, पण ते कृष्णाच्या रूपावर. 'माणूस'मधला शिपाई दाखवणारा हा नट त्या मुकुटाखाली बराचसा झाकला गेला, असं मला वाटतं. कौतुकसुद्धा माणसाला एका चौकटीत बसवतं. वर्गात एखाद्या मुलावर आपण 'हुशार' किंवा 'खोडकर' असा शिक्का मारतो, तेव्हा हेच होतं, नाही का?

१९९३ साली शाहू मोडक गेले. आज त्यांचं नाव किती मुलांना ठाऊक आहे? माझ्या वर्गात विचारलं, तर एकही हात वर आला नाही. चूक मुलांची नाही, आपण सांगितलंच नाही.

म्हणून एक छोटा उपक्रम सुचवते. मुलांना घरच्या किंवा शेजारच्या वृद्ध माणसाला तीन प्रश्न विचारू द्या. पहिला सिनेमा कुठे पाहिला? तिकीट किती होतं? त्या दिवशी अंगावर कोणते कपडे होते? उत्तरं वहीत लिहून वर्गात वाचा. मग शाहू मोडकांची ही गोष्ट सांगा. सांगताना ते ख्रिस्ती होते हे लपवू नका, आणि त्याचा गवगवाही करू नका. कृष्ण, ज्ञानेश्वर आणि गणपत शिपाई हे तिघंही एकाच नगरच्या मुलाने साकारले, एवढं कळलं तरी मुलं पुढचं आपोआप समजून घेतील.