जेआरडींचे लाइफ जॅकेट
जेआरडी टाटांना उड्डाणाची हौस लहानपणापासूनची. १९२९ मध्ये त्यांना मिळालेला वैमानिक परवाना भारतात दिलेला पहिला. पुढच्या वर्षी भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याच्या आगाखान स्पर्धेसाठी ते छोट्या जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून निघाले. वाटेत इजिप्तमध्ये, इंग्लंडहून येणारे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले भेटले. जेआरडींनी जवळचे जादा प्लग दिले. अस्पींनी आपले लाइफ जॅकेट त्यांना दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली. १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडी पुन्हा कराचीहून मुंबईला एकटे उडत आले.

एका इंजिनाचे विमान असो वा बुरोंडीची होडी, पाण्यात पडलेल्या जखमी माणसाला जॅकेट चढवता येत नाही. ते निघतानाच अंगात हवे.