श्री संत गाडगेबाबा आणि दारिद्र्याचे कौतुक

ज्या थोर पुरुषांच्या जन्माने आपला परीट समाज धन्य झाला, त्यांत श्री संत गाडगेबाबांचे स्थान अग्रभागी आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या प्रत्येक स्मरणिकेत त्यांचे चित्र असते. हाती खराटा, डोक्यावर गाडग्याची खापरी, अंगावर चिंध्यांचे वस्त्र. परीटघडीचे कपडे हा ज्या समाजाच्या धंद्याचा अभिमान, त्याच समाजातील या सत्पुरुषाने जन्मभर चिंध्या पांघरल्या, ही गोष्ट विलक्षण खरी. परंतु त्या चिंध्यांकडे पाहून आपण नेमका कोणता बोध घ्यावयाचा, याचा विचार करण्याचा प्रसंग गतवर्षीच्या संमेलनात आला.

प्रसंग असा घडला. विद्यार्थी-वसतिगृहात नळ घेण्यासाठी निधी जमवावा, असा विषय निघाला असता एका आदरणीय वयोवृद्ध गृहस्थांनी त्यास हरकत घेतली. त्यांच्या बोलण्याचा आशय असा की, बाबांच्या घरी नळ नव्हता, आपल्याही वाडवडिलांच्या घरी नव्हता, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. दारिद्र्यातच माणसाचे चारित्र्य घडते. मुलांना विहिरीचे पाणी शेंदू द्यावे, म्हणजे त्यांची मने बळकट होतील. सभेने टाळ्या वाजविल्या. प्रस्तुत लेखकानेही वाजविल्या. घरी आल्यावर मात्र मन स्वस्थ राहीना, म्हणून बाबांचे चरित्र पुन्हा एकवार मुळापासून वाचावयास घेतले. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहून ठेविले, हे आपल्यावरील मोठेच उपकार होत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. पित्याचे नाव झिंगराजी जानोरकर व मातेचे नाव सखूबाई. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले, त्यापायी संसार धुळीस मिळाला, आणि १८८४ साली ते निवर्तले. त्या वेळी डेबूजींचे वय अवघे आठ वर्षांचे होते. निराधार झालेली सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी भावाच्या आश्रयास आली. तेथे डेबूजी गुरे राखू लागले व पुढे नांगरही धरू लागले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही.

ज्या मुलुखात हे बालपण गेले, त्याची पाण्याची अवस्था ध्यानी घेतल्यावाचून पुढील चरित्राचा अर्थ नीट लागणार नाही. पूर्णा नदी अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन पुढे तापीस मिळते. तिच्या दोहो अंगांस काळ्या कसदार जमिनीचा जो विस्तीर्ण प्रदेश आहे, त्यास खारपाणपट्टा असे म्हणतात. कापूस पिकविणारी ती जमीन दिसावयास श्रीमंत. परंतु तिच्या पोटातील पाणी खारे. मोठ्या कष्टाने विहीर खणावी, तर हाती लागते ते पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. साबण फेसाळत नाही, याचा अर्थ काय, तो आपल्या समाजातील कोणासही समजावून सांगावयास नको! पिण्याचे पाणी नदीवरून आणावे, आणि उन्हाळ्यात धार आटली म्हणजे वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने भरावे, हा तेथील बायाबापड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. आणि वऱ्हाडात ज्यांस वरठी म्हणत, त्या आपल्या लोकांचा तर सारा धंदाच नदीवर. गावाचे कपडे भट्टीस घालावे, गाढवावर लादून घाटावर न्यावे, दगडावर आपटावे, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन बलुते मागावे. गावाची वस्त्रे निर्मळ करणाऱ्याच्या स्वतःच्या घरी मात्र दोन घागरी गोड्या पाण्याची वाण असे.

येथे थोडे विषयांतर होत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. माझी आई पहाटे चार वाजता घाटावर जात असे. थंडीच्या दिवसांत तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत व त्यांतून रक्त येई. ती घाटावर असता घरचे पाणी भरावयास कोणीतरी हवे, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीला तिसऱ्या इयत्तेतून शाळा सोडावी लागली. तिचे अक्षर माझ्याहून सुरेख होते. मी शिकलो, नोकरीस लागलो आणि आज या स्मरणिकेत लेख लिहीत आहे. ती विहिरीवरून घरी आणि घरून विहिरीवर जात राहिली. त्या खेपांनी तिच्या चारित्र्यात कोणती भर पडली, हे मला सांगता येणार नाही. ती मुळातच गुणी होती. तिचे शिक्षण बुडाले, एवढे मात्र मी निश्चित सांगू शकतो.

असो. दापुरे येथील आश्रयही फार काळ सुखाचा राहिला नाही. चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी की, डेबूजींच्या मामांनी सावकाराकडून कर्ज घेतले. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नसल्यामुळे ते फसले, जमीन गेली, आणि त्या धक्क्यातच त्यांचा अंत झाला. पुढे सावकार शेताचा कबजा घेण्यास आला, तेव्हा तरुण डेबूजींनी त्यास निकराने अडविले. १८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण यांची अपेक्षा धरून मंडळी जमली असता त्यांनी गोडाचे जेवण वाढले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. त्यानंतर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ वऱ्हाडाने पाहिले. अन्नापायी व पाण्यापायी माणसे देशोधडीस लागली.

आता येथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. दारिद्र्य हाच जर चारित्र्याचा शिल्पकार असेल, तर त्याने झिंगराजींचे काय केले? त्यांना तर त्याने मद्याच्या भट्टीवरून उठूच दिले नाही. मामांसारख्या सरळमार्गी माणसाला त्याने कर्जाच्या फासात अडकविले. सखूबाईला भावाच्या दारी आणून ठेविले. त्या दुष्काळात सबंध वऱ्हाड दरिद्री झाला होता. त्यातून गाडगेबाबा एकच निघाले. शेकडो मुले गुरांमागे हिंडत तशीच विझून गेली आणि त्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. चंदन उगाळल्याने सुवास येतो हे खरे, परंतु तो सुवास सहाणेचा नव्हे. जो पुरुष उत्तमच निपजला, त्याच्या उत्तमपणाचे श्रेय त्याच्या हालांना देणे हा त्या पुरुषावर अन्याय आहे, आणि जे हालांत खचले त्यांच्यावर त्याहून मोठा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी भल्या पहाटे डेबूजींनी गृहत्याग केला. बारा वर्षे ते अनवाणी भ्रमंती करीत होते. गावात शिरावे ते खराटा हाती घेऊनच. गटारे उपसावी, रस्ते झाडावे, घाम गाळल्यावाचून कोणाची भाकर घेऊ नये, आणि मिळालेली भाकर खापरीत घेऊन गावाबाहेर बसून खावी. त्याच गाडग्यात पाणी प्यावे व तेच डोक्यावर पालथे घालावे. त्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून मने झाडावी, हा त्यांचा क्रम अखेरपर्यंत टिकला. कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेण्याची त्यांची हातोटी काही और होती. पाया पडू पाहणाऱ्यास ते जवळ येऊ देत नसत.

हे दारिद्र्य मात्र निराळ्या जातीचे होते. ते त्यांच्यावर कोसळले नव्हते. त्यांनी ते स्वतः होऊन अंगीकारले होते. ज्याच्या पायाशी लक्षावधी रुपये येऊन पडले व ज्याने त्यांतील कपर्दिकही आपल्या संसाराला लाविली नाही, त्याचे ते दारिद्र्य होते. मागे राहिलेल्या कुंताबाईंना मात्र ही निवड करावयास कोणी विचारले नव्हते. लहान लेकरांसह त्यांनी जे दिवस काढले, ते वाट्याला आलेले दिवस होते. पुढे पुत्र गोविंदाच्या मृत्यूची वार्ता आली, तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही, ही कथा आपण मोठ्या भक्तीने सांगतो. त्या दिवशी कुंताबाईंची अवस्था काय झाली असेल, ते कोणी सांगत नाही. बाबांविषयीचा माझा आदर यामुळे तिळमात्र उणा होत नाही. परंतु एका घरात दोन प्रकारची दारिद्र्ये नांदत होती, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे होईल.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वतः अंगीकारलेले हे दारिद्र्य बाबांनी दुसऱ्या कोणासही उपदेशिले नाही. उलट दुसऱ्याची गैरसोय त्यांना क्षणभर पाहवत नसे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. स्नानासाठी नदीत उतरावयाचे तर चिखलातून, आणि स्नान करून वर यावयाचे तेही चिखलातूनच, अशी यात्रेकरूंची दैना होती. म्हाताऱ्या बायका घसरून पडत. १९०८ च्या सुमारास बाबांनी तेथे स्वतः कुदळ हाती घेऊन घाटाचे काम आरंभिले. यात्रेकरूंनी चिखल तुडवीत सोशिकपणा शिकावा, असे काही त्यांना वाटले नाही. त्यांनी पायऱ्या बांधल्या. नदीच्या पाण्यापर्यंत नीट पाय ठेवून जाता यावे, एवढ्या साध्या गोष्टीपासून त्यांच्या लोककार्याला आरंभ झाला. पाण्यावर पोट भरणाऱ्या जातीत जन्मलेल्या माणसाला ती प्रथम सुचावी, यात मला तरी मोठे औचित्य दिसते.

पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटात यात्रेनंतर साचणारी घाण ते स्वतः खराट्याने काढीत. ज्यांना इतर धर्मशाळांत पाऊल टाकावयाची बंदी होती, त्या अस्पृश्य वारकऱ्यांकरिता त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देहू, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षण व शाळा झाली. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत खेड्यापाड्यांतून रोगी येत. त्यांचे नातलग फुटपाथवर पडून राहत. त्यांच्यासाठीही धर्मशाळा बांधण्यात आली. या सर्व कार्याची व्यवस्था पाहण्यासाठी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबांच्या दशसूत्री संदेशात भुकेल्याला अन्न प्रथम येते, आणि लगोलग दुसऱ्या स्थानी तहानलेल्याला पाणी. पुढे वस्त्र, शिक्षण, निवारा, औषध असा क्रम आहे. गरिबाला गरिबीतच राहू द्यावे, असे कलम त्यात कोठेही नाही.

काटकसरीचा त्यांचा उपदेश मात्र अत्यंत कडक होता, हे आपल्या त्या वयोवृद्ध गृहस्थांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ऋण काढून सण करू नये, देवाच्या नावाने बकरे मारू नये, दारूच्या वाऱ्यासही उभे राहू नये, हे त्यांनी गावोगाव घसा कोरडा होईतो सांगितले. भांडी मोडावी लागली तरी मोडा, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला हलके लुगडे घ्या, असेही ते सांगत. परंतु ते कशासाठी? मुलाला शाळेत घालता यावे यासाठी. काटकसर ही पायरी होती. तीवर बसून राहावयाचे नव्हते. मामांच्या शेताचा कागद ज्याला वाचता आला नव्हता, त्या घरातील माणसाचा हा उपदेश आहे, हे विसरू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ साली कराड येथे महाविद्यालय काढले, त्याला या निरक्षर साधूचे नाव दिले, त्याचे मर्म हेच होय.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेविला. अमरावतीस गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

वसतिगृहाच्या नळाचा विषय यंदा पुन्हा सभेपुढे येत आहे. विहिरीचे पाणी शेंदून जी मुले सकाळी दीड तास घालवितात, त्यांतील सहा यंदा शालान्त परीक्षेस बसत आहेत. आपल्या वयोवृद्ध गृहस्थांस मी हा लेख छापण्यापूर्वी वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या आईच्या पायांची आठवण काढली, आणि जलवाहिनीस किती फूट नळी लागेल, याची चौकशी केली. त्यांचे मत पालटले की नाही, ते सभेतच कळेल. नळनिधीत माझ्या थोरल्या बहिणीच्या नावे पाच हजार एक रुपये मी जमा केले असून पावती तिच्याच हाती दिली आहे.