रंग कळले नाहीत, पण रेषा पक्की होती : लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि ‘कोअर कॉम्पिटन्सी’

छोट्या बिझनेसबद्दल वाचताना ‘कोअर कॉम्पिटन्सी’ हा शब्द सारखा येतो. सोप्या मराठीत, आपलं मुख्य कसब. त्याचा धंद्यातल्या खर्चाशी आणि वेळेशी काय संबंध, हे मला सगळ्यात नीट कळलं ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक कळत नव्हता. पेंटिंग सुटलं. रेषा मात्र पक्की होती, म्हणून ते यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि पुढे तेच शिकवू लागले. यंत्र समजून घ्यायचं आणि कागदावर उतरवायचं, हे त्यांचं कसब.

बेळगावात त्यांनी भावासोबत सायकलचं दुकान काढलं. पण सायकली बाहेरून यायच्या, त्यात हे कसब थोडंच लागायचं. मग त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि नंतर लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षं लागली!

तरी कारखाना टिकला. मला यामागचं गणित असं दिसतं : कडबा यंत्र असो की नांगर, काम एकच. आधी ड्रॉइंग, मग लाकडी नमुना, मग ओतकाम, शेवटी लेथवर फिनिशिंग. तीच माणसं, तीच हत्यारं. नव्या वस्तूसाठी सगळं शून्यातून उभारावं लागत नाही. यालाच म्हणतात ऑपरेशनल एफिशियन्सी.

पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. जागा गेली, पण कसब सोबत आलं.

आता तुमचं बघा. समजा, तुमचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. नवीन काही सुरू करताना एकच प्रश्न विचारा : यात माझा सोल्डरिंगचा हात आणि आहे तीच हत्यारं वापरली जातील का? लॅपटॉपचा बोर्ड दुरुस्त करणार असाल, तर बऱ्यापैकी हो. कपडे विकणार असाल, तर ते दुसरंच दुकान झालं. त्याचा माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, डोकेदुखीही वेगळी. सुरू करू नका असं मी म्हणत नाही, फक्त खर्च दोन दुकानांचा धरा.