कै. रघुनाथ धोंडो कर्वे : एका प्रतिपक्ष्याचे चरित्र

धर्मग्रामाच्या ज्युबिली-स्मरणिकेत संतांची आणि मिशनऱ्यांची चरित्रे यावीत, अशी रीत आहे. प्रस्तुत चरित्र ज्या गृहस्थाचे आहे ते संत नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. किंबहुना कोणत्याच धर्मावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या कार्यास त्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले, त्या कार्यात पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण त्यांच्या थेट विरुद्ध उभी आहे. तथापि पुण्यातील कोणत्याही कॅथलिक घरात आज विवाहाचा आणि संततीचा विचार निघाला, की कर्व्यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्या घरात आधीच येऊन बसलेला असतो. विवाहपूर्व मार्गदर्शनास येणारी तरुण जोडपी तो विचारतातच, आणि विचारतात हेच बरे. तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम उघडपणे कोणी मांडला, व का मांडला, हे वाचकांस ठाऊक असावे म्हणून हा प्रयत्न.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणात मुरूड येथे झाला. स्त्रीशिक्षणाचे व विधवांच्या उद्धाराचे महत्कार्य करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. मुलगा नऊ वर्षांचा असताना, १८९१ साली, त्याची माता राधाबाई प्रसूतीत मरण पावली. त्याच वर्षी धोंडोपंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पुण्यास आले, आणि १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या एका विधवेशी पुनर्विवाह केला. या विवाहाबद्दल मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी त्यांस वाळीत टाकले. म्हणजे बाळंतपणात आई गमावणे आणि तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करणे, या दोन्ही गोष्टी रघुनाथरावांनी बालपणीच पाहिल्या. माणसाचे पुढील आयुष्य अशा एखाद्या प्रसंगातून सरळ काढून दाखविण्याचा मोह चरित्रकारास होतो. तो आवरावा हे खरे. परंतु ज्या मुलाची आई बाळंतपणात गेली, त्याने पुढे स्त्रियांच्या अतिप्रसवाविरुद्ध जन्मभर लढा द्यावा, याचे आश्चर्य तरी का वाटावे?

बुद्धी विलक्षण तीव्र होती. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलातून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, आणि १९०४ साली फर्ग्युसनमधून पदवीधर झाले. विषय वडिलांचाच, गणित. पुढे गणिताच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले, आणि मुंबईस विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. हिंदुस्थानातील हे पहिलेच. त्याच वर्षी मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले होते, यावरून कर्वे काळाच्या किती पुढे होते हे ध्यानी यावे. या कामी पत्नी मालतीबाई यांची त्यांस मनःपूर्वक साथ होती, आणि उभयतांनी स्वतः निःसंतान राहण्याचे ठरविले. विल्सन कॉलेज हे स्कॉटिश मिशनचे. त्या काळी प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांचे फारशा गोष्टींत एकमत नसे, पण या एका गोष्टीत होते. चालकांना आपल्या प्राध्यापकाचा हा उद्योग रुचला नाही, आणि प्रचार की नोकरी असा पेच उभा राहिला. १९२५ साली कर्व्यांनी राजीनामा दिला. गणितासारख्या विषयाचा पॅरिसपर्यंत शिकून आलेला प्राध्यापक सुखाची नोकरी सोडतो आणि ज्या कामात पैसाही नाही व मानही नाही ते पत्करतो, हे पाहून त्याच्या विरोधकानेही क्षणभर थांबावे. आपल्या मताची किंमत स्वतःच्या खिशातून भरणारी माणसे सर्वच पक्षांत थोडी असतात.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीचा आपल्या देहावरील अधिकार, असे विषय मराठीत इतक्या स्पष्ट भाषेत त्यापूर्वी कोणी मांडले नव्हते. मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीचित्रांमुळे गदारोळ झाला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वस्वी अस्थानी नव्हता. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, दुसरा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विषय वैषयिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, आणि अज्ञानाने विचारलेल्या प्रश्नाला ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड भरावा लागला. मासिक मात्र बंद पडले नाही.

आता मतभेदाकडे वळू. ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्ती विवाहाविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्र काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेने काही मर्यादांत कृत्रिम साधनांना मोकळीक दिली होती; तिला हे उत्तर होते. पुष्कळांचा, आणि आपल्याच कित्येक बांधवांचाही, असा समज आहे की ख्रिस्तसभा जितकी मुले होतील तितकी होऊ द्या असे सांगते. हा समज चुकीचा आहे. अपत्ये किती असावीत हे आईबापांनी आपली प्रकृती, मिळकत आणि कर्तव्य पाहून ठरवावे, यास तिची ना नाही. तिचा आक्षेप साधनावर आहे. पतिपत्नींच्या मीलनात परस्परप्रेम आणि नवजीवनाची शक्यता ही दोन एकत्र गुंफिलेली असून, त्यांतील एक राखून दुसरी हेतुपुरस्सर तोडू नये, हे तिच्या शिकवणीचे सार होय. निसर्गतःच वंध्य असलेल्या दिवसांत मीलनास तिची हरकत नाही. असे दिवस मोजण्याची रीत जपानात ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या वैद्यांनी त्याच सुमारास, १९२० नंतरच्या दशकात, स्वतंत्रपणे शोधून काढली.

कर्व्यांच्या पक्षाचा सवाल असा, की औषध घेणे हाही निसर्गातील हस्तक्षेपच नव्हे काय? आपल्या सेमिनरीत याचे उत्तर शिकवितात : औषध बिघडलेली शक्ती दुरुस्त करते, आणि साधन निरोगी शक्तीला निकामी करते. हे उत्तर तर्काला धरून आहे. पण आठव्या बाळंतपणाने खंगलेल्या स्त्रीपुढे ते नुसते मांडून जो धर्मगुरू स्वस्थ बसतो, त्याने अर्धेच काम केले. संयमाचा उपदेश आपल्याकडे बहुधा स्त्रियांच्या बाकांकडे पाहून केला जातो. तो पुरुषांच्या बाकांकडे वळला असता, तर कर्व्यांच्या केंद्राकडे जाणाऱ्या पायवाटेवर इतकी रहदारी झाली असती असे वाटत नाही.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. कर्व्यांना सर्वांत मोठा विरोध ख्रिस्तसभेकडून झाला नाही. महाराष्ट्रात आपली संख्या ती किती! महात्मा गांधींचे मत या बाबतीत आपल्या शिकवणीच्या पुष्कळच जवळ होते. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन त्यांस भेटल्या, तेव्हा गांधीजींनी ब्रह्मचर्याखेरीज दुसरा उपाय मानला नाही. या सँगरबाईंची माता कॅथलिक होती, अकरा मुलांची आई, आणि ती अकालीच वारली. समुद्राच्या दोन तीरांवरील दोन प्रचारकांच्या मुळाशी मातृवियोगाची एकच कथा असावी, हे विचार करण्याजोगे आहे. १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तोही मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

पुण्यात या कार्याचा धागा रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी पुढे नेला. त्या ‘समाजस्वास्थ्या’तही लिहीत. स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजन हे अधिकृत धोरण म्हणून स्वीकारले. ज्यासाठी दंड भरला ते सरकारी धोरण झालेले कर्व्यांना पाहावयास मिळाले, पण फार थोडा काळ. पुढे १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी-शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कितीतरी धाकाने; आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. कर्वे व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते. या सक्तीस त्यांची संमती मिळाली असती असे वाटत नाही, आणि पतिपत्नींच्या निर्णयात सरकारने हात घालू नये असे १९६८ च्या आपल्या परिपत्रात पोप सहावे पॉल यांनीही बजावले होते. त्या परिपत्रापूर्वी नेमलेल्या आयोगात मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हेही सदस्य होते. आयोगाच्या बहुमताचा कल शिकवण बदलावी याकडे होता, पोपमहाशयांनी ती बदलली नाही. आणि तेव्हापासून ख्रिस्तसभेतच या विषयाची जी चर्चा सुरू झाली ती अद्याप संपलेली नाही. आज्ञापालन हे धर्मगुरूचे व्रत आहे, तरी घराघरांत ही शिकवण पाळताना होणारी ओढाताण त्याला दिसतच नाही, असे कोणी समजू नये.

अखेरच्या वर्षांत मालतीबाई आधीच निवर्तल्या होत्या, आणि अंकाचे लेखन, संपादन व हिशेब हे सर्व रघुनाथराव एकटेच पाहत. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. सव्वीस वर्षे चाललेले ‘समाजस्वास्थ्य’ त्यांच्याबरोबरच थांबले. वृद्ध पिता तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. धोंडोपंतांस १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला, आणि मुलाच्या मागे नऊ वर्षे जगून ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, त्यांनी पुण्यात देह ठेविला.