ठिपक्यांची कुऱ्हाड
बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ साली बॉस्टनमध्ये साबण-मेणबत्त्या करणाऱ्याच्या घरी झाला. लहानपणी ते काही दिवस चुलतभावाकडे चाकू-सुऱ्यांचा धंदा शिकावयास गेले. पैशांवरून बिनसले आणि ते मुद्रक झाले. आत्मचरित्रात त्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली आहे. धारेइतकीच सारी कुऱ्हाड चकचकीत व्हावी, असा त्याचा हट्ट. लोहाराने धार लावण्याचे चाक त्यालाच फिरवावयास लावले. तो दमला आणि ठिपक्यांची कुऱ्हाडच बरी म्हणून घरी गेला.

१७८७ साली फिलाडेल्फियात एक्क्याऐंशी वर्षांच्या फ्रँकलिन यांनी, काही कलमे नापसंत असूनही, संविधानावर सही केली. त्यात गुलामगिरीला अभय होते. ते स्वतःही एके काळी गुलाम बाळगून होते. तरीही फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी काँग्रेसकडे अर्ज धाडला. गुलाम मुक्त करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे सांगून प्रतिनिधिगृहाने हात झटकले. १७ एप्रिलला फ्रँकलिन निवर्तले.

तडजोडीवाचून राज्य चालत नाही, हे खरे. परंतु पात्यावरचा ठिपका निराळा आणि धारेला लागलेला गंज निराळा. हा भेद त्यांना उशिरा उमगला. पण उमगल्यावर त्यांनी चाक सोडले नाही.